समोरचे दहा फूट

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. पांढुर्णा आणि सौंसरच्या मधात कुठंतरी आहे, एवढं पुरे. तिथल्या नगरपरिषदेत मी बावीस वर्षं बाबूचं काम केलं. बाई असली तरी आमच्याकडे बाबूच म्हणतात. माझी पेन्शन अजून वरच्यांच्या हातात आहे, म्हणून हा पडदा. माझं टेबल घर बांधायच्या परवानगीचं. लोक नक्शा घेऊन यायचे, मी फाइल करायची, साहेब सही करायचे, आणि मंजुरीच्या मागच्या पानावर हिंदीत शर्ती छापलेल्या असायच्या. त्यातली सातवी शर्त माझी. माझी म्हणजे मीच लिहिलेली.

ती कशी लिहिली ते सांगते, बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका व्यापाऱ्यानं संत्र्याच्या पेट्या भरायचं मोठं गोदाम काढलं होतं. हंगामात तिथं पाच-सहा ट्रक एकदम उभे राहणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तेव्हाचे साहेब म्हणाले, मॅडम, याला समोरची जागा सोडायला लावा, नाहीतर हा रस्त्याचं वाटोळं करेल. मी बसून चांगलं कडक हिंदी लिहिलं. अर्जदारानं समोरची दहा फूट जागा रस्त्यासाठी सोडावी, तिचं दानपत्र परिषदेच्या नावानं करून द्यावं, त्याशिवाय बांधकामाची मंजुरी मिळणार नाही. साहेबांनी दोनदा वाचलं आणि "वा" म्हणाले. बावीस वर्षांत कोण्या साहेबानं मला वा म्हटलेलं एवढंच आठवते.

त्या आनंदात मी तो कागद कम्प्युटरमध्ये नमुना म्हणून ठेवून दिला. पुढचा अर्ज आला की नाव, वॉर्ड आणि जमिनीचा खसरा नंबर बदलायचा आणि छापायचं. शर्त सात तशीच राहिली. गोदामाची शर्त दोन खोल्यांच्या घरांना लागत गेली. कोणी काढ म्हटलं नाही, मी काढली नाही. साहेब चार बदलले, आणि प्रत्येकाला वाटलं की हा आधीपासूनचा नियम आहे. बाप्पा, हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं!

लोक भांडायचे, नाही असं नाही. एक शिंपीकाका मला चांगले आठवतात. मातीचं घर पाडून त्यांना पक्क्या खोल्या बांधायच्या होत्या. घरासमोरच्या ओट्यावर मशीन टाकून ते दिवसभर शिवत बसायचे, उजेडही भरपूर आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणंही व्हायचं. मंजुरीचा कागद त्यांनी माझ्यासमोर धरला.

"बाई, माह्या घरी टरक येते काय?"

"नियम आहे, काका."

"अवो, पण आमची गल्ली तं पुढं बंद हाये. संत्र्याच्या बागेचं कुंपन लागते. रस्ता मोठा करून तो जाईन कुठं?"

"नियम सगळ्यांना सारखा असतो."

हे मी मान वर न करता म्हटलं, आणि म्हणताना आपण किती सरळ माणूस आहो असंही मला वाटलं. काकांनी दानपत्र करून दिलं. ओटा गेला, मशीन आतल्या खोलीत गेली, आणि भर दिवसा बल्ब लावून ते शिवायला लागले. सोडलेल्या जागेवर रस्ता काही आला नाही. परिषदेचा कचऱ्याचा एक फुटका डबा तेवढा आला.

आता माझ्या मायचं सांगते. माझे मालक वारल्यापासून घरी आम्ही दोघीच. एका किराण्याच्या गोदामावर किरायाच्या दोन खोल्या होत्या, जिना उभा, पायऱ्या एकवीस. मायचा पाय न्हाणीत घसरला, खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला नेऊन आत सळाख टाकली. डॉक्टर म्हणाले, घरात काठीनं फिरू द्या, पण जिना चढायचा-उतरायचा नाही. त्या दिवसापासून दीड वर्षं माय खाली उतरली नाही. जिनं जन्मभर दुसऱ्याच्या बागेत शिडीवर चढून संत्री तोडली, तिला पायरीची बंदी झाली.

ती दिवसभर गॅलरीत बसायची. भाजीवाला आला की दोरीला थैली बांधून खाली सोडायची, आणि वांगे किडके निघाले की वरून त्याचा उद्धार करायची. पौर्णिमेला विहारात जाणाऱ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून आमच्या जिन्याखाली थांबायच्या आणि तिथंच उभ्या राहून वंदना म्हणायच्या, म्हणजे तिला ऐकू जावं. ती वरून हात जोडायची. बाया गेल्या की मला म्हणायची, "मी अजून मेली नाई, अन् तुमी मले भिताडावरचा फोटो करून टाकलं वो."

मला रडायला यायचं. तिच्यासमोर रडली नाही कधी.

आमचा एक प्लॉट होता, बापानं मजुरीतून घेतलेला. तो शिंपीकाकांच्याच गल्लीत, त्यांच्यापासून चार घरं पुढं, अगदी बागेच्या कुंपणाला लागून. रुंदी अठरा फूट, लांबी बेचाळीस. मागं नाला. नाल्याकडून पंधरा फूट सोडायची शर्त होती, ती मी हूं की चूं न करता मानली, कारण पावसाळ्यात तिथवर पाणी चढते हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. उरले सत्तावीस. त्यात समोर छोटा ओटा, मग मायची खोली, मग स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी. सगळं खाली, एकही पायरी नाही. मायनं गॅलरीत बसल्या बसल्या फरशीवर बोटानं खोली काढून दाखवली होती, खाट इथं, खिडकी इथं, अन् खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे.

माझी स्वतःची फाइल मी करू शकत नव्हती, म्हणून बाजूच्या टेबलावरच्या बाबूनं केली. त्यानं काय करायचं? माझाच नमुना उघडला, माझं नाव टाकलं आणि छापला. समोरचे दहा फूट सोडा, दानपत्र द्या. सत्तावीसमधून दहा गेले की सतरा उरतात. त्यात स्वयंपाक होते, संडास होते आणि वर जायचा जिना होते. मायची खोली पुन्हा जिन्यावर.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला आधी ठाऊक नव्हतं काय? ठाऊक होतं. पण मनात कुठंतरी असं होतं की ते लोकांसाठी आहे. आता लाज वाटते हे लिहायला, पण होतं.

नवे साहेब शांत माणूस. ते म्हणाले, मॅडम, हा नियम ज्या आदेशानं आला तो काढून दाखवा, त्यात सूट असेल तर देऊ. मी तीन रविवार ऑफिसच्या कपाटात डोकं घालून बसली. धुळीनं शिंका शिंका. परिषदेचे ठराव पाहिले, भोपाळचे आदेश पाहिले, राजपत्रं पाहिली. नाल्याची शर्त सापडली, उंचीची सापडली, विजेच्या तारांची सापडली. सातवीचा कुठंच पत्ता नव्हता. शेवटी त्या गोदामाच्या फाइलमध्ये एक पिवळा कागद निघाला, आणि त्याच्या खाली कोपऱ्यात माझी छोटी सही. त्याच्यावर कोणता आदेश नाही, त्याच्या मागं कोणता ठराव नाही. तो कागद काढून मी घरी नेला.

सौंसरला कोर्टात एक वकीलबाई होत्या, माझ्याच वयाच्या, तोंडानं फटकळ. सुट्टी टाकून बसनं त्यांच्याकडे गेली. शर्त कोणी लिहिली, गल्लीत काय झालं, सगळं सांगितलं आणि तो पिवळा कागद दाखवला. त्यांनी वाचला आणि पहिला प्रश्न केला, "कोणत्या कलमानं?"

मी म्हटलं, "कलम नाही."

"मग कसली शर्त? हे पहा, परवानगी देताना सरकार शर्त घालू शकते. पण तुम्ही जे बांधून राहिले त्याचा अन् शर्तीचा संबंध पाहिजे. गोदाम बांधता, ट्रक येतील, रस्त्यावर भार पडेल, सोडा जागा. तुम्ही आईची एक खोली बांधता. त्या खाटेवर बसतील, त्यांच्यानं रस्त्याला काय होते? अन् जेवढा भार तेवढंच मागता येते, जास्त नाही. अन् तेही कायद्यात लिहिलेलं पाहिजे. परवानगीचा शिक्का माझ्या हातात आहे म्हणून तुझी जमीन फुकट दे, असं सरकारला म्हणता येत नाही. संविधानात तीनशे-क कलम आहे, कायद्याचा आधार नसताना कोणाची मालमत्ता घेता येत नाही. अन् याला म्हणे दान!"

 संविधानाचं पुस्तक माझ्या घरी आहे. माझ्या लग्नात आहेर म्हणून आलं होतं, आमच्या समाजात देतात. दरवर्षी संविधान दिवसाला ऑफिसात उद्देशिका मीच वाचते, आवाज खणखणीत आहे म्हणून. न्याय हा शब्द आला की आवाज आणखी चढवते, अगदी मनापासून. आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर बसून शर्त सात छापायची. असा राग आला मला स्वतःचा की बाईंच्या ऑफिसातला चहा मी तसाच ठेवला.

वकीलबाई म्हणाल्या, "केस सोपी आहे. तुम्ही शपथपत्रावर फक्त एवढं लिहून द्या की ही शर्त मीच लिहिली अन् तिला कोणताच आदेश नाही. गल्लीतल्या सगळ्यांचं काम होईल."

"आणि माझं?"

"तुमची नोकरी राहणार नाही कदाचित. खोटं कशाला सांगू?"

चार वर्षं उरली होती नोकरीची. माय माझ्यावर. मी विचार करते म्हटलं आणि परतीच्या बसमध्ये बसली. दोन्हीकडून बांधल्यासारखं झालं होतं. न लिहावं तर माय वर अडकते, लिहावं तर दोघी रस्त्यावर येतो. मोहगावचा फाटा कधी गेला तेही मला कळलं नाही.

चार दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घ्या म्हणाले. ते हिंदीत बोलतात, मी मराठीत सांगते. "मॅडम, तुमच्या आईची तब्येत मला समजली. तुमच्या मंजुरीतून मी सातवी शर्त काढतो. फक्त तुमच्या. बाकी नमुना आहे तसा राहू द्या, उगीच जुन्या फाइली उकरू नका."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण डोळ्यांसमोर ती दोरीची थैली आली. मी म्हटलं, "धन्यवाद, सर." आणि बाहेर येऊन टेबलावर बसली, समोर दुसऱ्या एका माणसाचा अर्ज होता, त्याच्या मंजुरीत मी शर्त सात छापली. हात थरथरला असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. नाही थरथरला.

घर झालं. गल्लीतल्या चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मायला एकवीस पायऱ्या उतरवलं. शिंपीकाकांनी मागून खुर्ची धरली होती. माय प्रत्येक पायरीला "सांभाळून वो बाप्पा, सांभाळून" ओरडत होती आणि हसत होती. ऑटोतून गल्लीच्या तोंडाशी उतरलो. तिनं गल्लीकडे एक नजर टाकली आणि थांबली.

"आपलंच घर काऊन पुढं आलं वो?"

खरंच होतं. मी रोज तिथं उभी राहून बांधकाम पाहिलं, पण ते तिला पहिल्या मिनिटाला दिसलं. गल्लीच्या दोन्ही बाजूंची घरं दहा-दहा फूट मागं सरलेली, आणि आमचं एकटं बाहेर निघालेलं, रांगेतून पुढं घुसलेल्या माणसासारखं.

"नक्शाच तसा आहे," मी म्हटलं.

पंधरा दिवस माय सुखात होती. काठी टेकत ओट्यावर यायची, वांगे स्वतःच्या हातानं दाबून पाहायची, भाजीवाल्याशी आता समोरासमोर भांडायची. पौर्णिमेला बायांसोबत हळूहळू विहारापर्यंत चालत गेली. आल्यावर पाय दुखत होते, पण तोंडावरचं हसू काही जात नव्हतं. मी मनाला म्हटलं, यासाठीच केलं, आता गप्प बस.

मग एका सकाळी शिंपीकाका ओट्यासमोर थांबले. मी ऑफिसला निघत होती.

"बरं झालं बाई," ते म्हणाले, "तुमचं तरी वाचलं."

टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर मी उलटून काही बोलली असती. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

मायनं विचारलं, "काय वाचलं, भाऊ?"

त्यांनी सांगितलं. साध्या शब्दांत, ओट्याचं सांगितलं, दानपत्राचं सांगितलं, बल्बचं सांगितलं. ते गेले तेव्हा मायनं माझ्याकडे पाहिलं. मग मी राहिलेलं सगळं सांगितलं, शर्त कोणी लिहिली तेही. ऑफिसला त्या दिवशी उशीर झाला.

"दान अशानं होते काय वो?" ती म्हणाली. "दान तं आपल्या मनानं, आपल्या हातानं द्याचं अस्ते. हे तं हिसकनं झालं. अन् तू लिवलं?"

दुसऱ्या दिवसापासून ती ओट्यावर आली नाही. खिडकी लावून घेतली. मी ओरडली तिच्यावर, लाज वाटते सांगायला, पण ओरडली. म्हटलं, तुझ्यासाठीच केलं ना मी हे, आता तू आतच बसून राहशील तर काय उपयोग?

"मी वरच बरी होती," माय म्हणाली. "वर पाय बंद होता. इथं तोंड दाखवाले होत नाई."

तिसऱ्या दिवशी तो पिवळा कागद पर्समध्ये घातला आणि सौंसरची बस धरली. वकीलबाईंनी शिंपीकाकांच्या आणि गल्लीतल्या बाकीच्यांच्या वतीनं अर्ज केला, त्याला माझं शपथपत्र जोडलं. ही शर्त मी लिहिली, एका गोदामासाठी लिहिली, बाकी कोणासाठीही तिला आदेश नाही. सही करताना मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. भीतीच वाटली. पण घरी येऊन मायला सांगितलं तेव्हा तिनं उठून खिडकी उघडली.

महिन्याभरात माझ्या निलंबनाचा आदेश आला. वरिष्ठांच्या मंजुरीविना शर्त घालून कार्यालयाची बदनामी केली, असा आरोप. म्हणजे बारा वर्षं सगळ्यांनी त्या शर्तीवर सह्या केल्या, आणि मी खरं सांगितलं तेव्हा ती माझी एकटीची झाली. चौकशी संपेपर्यंत मुख्यालय पांढुर्णा, म्हणजे राहायचं तिथंच, रोज हजेरी, आणि लेखी अनुमतीशिवाय मुख्यालय सोडायचं नाही. निलंबित माणसाचं असंच असते. पांढुर्ण्याला मी स्टेशनच्या बाजूला एक खोली घेतली. दुसऱ्या मजल्यावर मिळाली. मालगाडी गेली की खिडकीची तावदानं वाजतात. सकाळी हजेरीच्या रजिस्टरवर सही करते, वर येते आणि खुर्चीवर बसून राहते. काम काहीच नाही.

गल्लीचा निकाल अजून लागला नाही, तारखा पडून राहिल्या. मायला दोन वेळचं जेवण शिंपीकाकांच्या घरून येते. आणि काकांनी, मायनंच म्हटलं म्हणून, मशीन आमच्या ओट्यावर आणून ठेवली. उजेड चांगला आहे म्हणतात. फोन केला की मागं मशीनचा आवाज येते.

मागच्या आठवड्यात मायला ताप होता. मी जायची अनुमती मागितली, अर्ज वर गेला आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिनंच फोन केला. आवाज बसलेला.

"येऊन नाई राहिली काय?"

"कशी येऊ, माय. वर बसली आहे."

"तुह्ये पाय तं बरे हायेत ना? मंग उतर अन् ये."

"अनुमती लागते. साहेबांची लेखी अनुमती आल्याशिवाय निघता येत नाही."

पलीकडे मशीन थांबली. काका ऐकत असावेत.  मग वकीलबाईंचं ते एक वाक्य, जे आता गल्लीत पोरासोरांच्याही तोंडी झालं आहे, ते मायनं मला ऐकवलं.

"इचार ना वो त्याले, कोनत्या कलमानं?"

मी डोळे पुसले. आदेश समोर टेबलावरच होता, वरच्या ओळीत सगळं नीट छापलेलं, नियम आणि त्याचा क्रमांक.

"याला कलम आहे, माय," मी म्हटलं.